दगडाचं दूध

वस्ताद भिंतीकडे तोंड करून झोपले, त्याला आता दोन महिने होत आले होते. झोपले म्हणजे काय, पडून असायचे. डोळे टक्क उघडे. पण बघायचे ते भिंतीकडे. आता भिंतीत बघण्यासारखं काय होतं म्हणाल, तर रंगाचा एक पोपडा सुटला होता. बाकी नुसती भिंत.

माणूस तसा हसरा. चौकाच्या कोपऱ्यावर दाढी-कटिंगचं दोन खुर्च्यांचं दुकान, एक खुर्ची ह्यांची, एक भागीदाराची. हात इतका हलका की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. वस्ताद हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. एक गाल झाला की हळूच म्हणायचे, “मान इकडे, साहेब,” आणि घरात कुणाच्या बापाचं न ऐकणाऱ्यांची मानसुद्धा मुकाट वळायची. काकू, म्हणजे वस्तादांची बायको (सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची), दुपारी डबा द्यायला गेल्या की हे बघायच्या आणि म्हणायच्या, “चला, इथं तरी कुणी ऐकतंय तुमचं!”

मग एका सकाळी बेसिनसमोर उभं राहून स्वतःची दाढी करता करता वस्तादांचा उजवा हात गळाला. वस्तरा खणकन बेसिनमध्ये पडला आणि पाठोपाठ वस्ताद फरशीवर. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा खोलीत नेताना कपाटाचा आरसा समोर आला. उजवीकडून ओघळलेलं तोंड, त्यावर पांढरे खुंट. वस्तादांनी एकदाच बघितलं. पलंगावर टेकले ते उजव्या कुशीवर वळले, पडलेला गाल उशीत दाबला आणि भिंतीचे झाले.

डॉक्टर म्हणाले, “त्यांना सगळं ऐकू येतंय, कळतंय. बोलणंसुद्धा येईल थोडं थोडं. पण उठून व्यायाम हवा, पोटभर खाणं हवं. असेच भिंतीला चिकटून राहिले तर...” पुढचं डॉक्टर बोलले नाहीत. काकूंना ते न बोलताच कळलं.

काकूंनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. गोड बोलून झालं, रागावून झालं. “अहो, इकडे बघा ना,” असं दिवसातून पन्नासदा म्हणून झालं. दोन चमचे पेज तोंडाच्या वरच्या कोपऱ्यातून जायची, की ओठ बंद. आणि दाढी वाढत होती. डाव्या हातानं वस्ताद ती करकरा खाजवत राहायचे. ज्या माणसानं चाळीस वर्षांत एक दिवस स्वतःचे खुंट वाढू दिले नाहीत, त्याचा तो चेहरा काकूंना बघवेना. त्यांना वाटायला लागलं, हे तोंड स्वच्छ झालं ना, तर ते तोंड दाखवतील. वाटलं म्हणजे मनानं धरूनच बसल्या.

परगावच्या मुलानं दाढीचं मशीन पाठवलं. त्याची गुरगुर सुरू झाली तसं वस्तादांनी डोकं उशीत खुपसलं. मग भागीदार आला, नवं पातं लावून. त्यालाही डाव्या हातानं ढकलून दिलं. जाताना तो दारात म्हणाला, “काकू, त्यांना त्यांचाच वस्तरा हवाय. दुकानात गिऱ्हाइकांना आम्ही वापरून फेकायचं पातंच लावतो, पण स्वतःच्या गालाला त्यांनी कधी दुसरं काही लावलंय का? मी केली असती हो, पण त्या वस्तऱ्याला धार लावायचं मला येत नाही. दगडाचा नाद एकट्या त्यांचाच.”

नाद! तो शब्द ऐकून काकूंना चाळीस वर्षं आठवली. कपाटाच्या खालच्या खणात अकरा दगड होते, प्रत्येक आपापल्या फडक्यात गुंडाळलेला. हा माणूस कुठंही गेला की खाली बघत चालायचा. दगड उचलायचा, थुंकी लावायचा, अंगठ्याचं नख त्यावर घासायचा आणि कानाशी नेऊन ऐकायचा. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं फिरायला गेले, तेव्हा नदीच्या पात्रात हे गुडघाभर पाण्यात अर्धा दिवस वाकलेले आणि नवी नवरी काठावर चपला राखत बसलेली. परत येताना पिशवी जड का म्हणून बघितलं, तर आत हिरवट रंगाचा हा एवढा धोंडा. “लोक बायकोला अत्तराची बाटली घेतात,” काकू म्हणाल्या होत्या, “मला मेलीला सवत मिळाली, तीही दगडाची!”

त्या सवतींना आता काकूंनी स्वतःच्या हातानं बाहेर काढलं. वस्तराही शोधला. त्या दिवशी बेसिनमधून कुणीतरी उचलून तसाच ओला मिटून ठेवला होता. उघडला तर पात्यावर गंजाचे ठिपके, धारेला मधोमध बारीकसा दात पडलेला. काकूंनी कपाळावर हात मारला.

दुपारची वेळ. खिडकीतून ऊन पलंगाच्या पायथ्यापर्यंत आलेलं. काकूंनी पलंगाजवळ स्टूल ओढलं, मांडीवर फळी घेतली, तिच्यावर ओलं फडकं आणि फडक्यावर तो हिरवा दगड. पहिला मान त्याचाच. पाणी शिंपडलं, आणि स्वयंपाकघरातली सुरी लावतात तसा वस्तरा उभा धरून खर्रकन ओढला.

“अं!” भिंतीकडून आवाज आला.

काकू दचकल्या. दोन महिन्यांत पहिला आवाज! त्यांना वाटलं, दुखतंय काही. उठून बघितलं, तर वस्ताद तसेच पडलेले. पुन्हा बसल्या, पुन्हा वस्तरा ओढला. खर्र.

“अंऽऽ!”

आता मात्र काकूंना उलगडलं. ते दुखणं नव्हतं, चीड होती! दुकानात नवशिक्यानं कात्री उलटी धरली की वस्ताद असेच कण्हायचे. म्हणजे आत माणूस आहे, शाबूत आहे, आणि माझ्यावर चिडलाय! कुणाचा नवरा चिडल्यावर बायकोला इतका आनंद झाला नसेल.

“बरं बरं, समजलं,” त्या म्हणाल्या आणि आठवायला लागल्या. सुटीच्या दिवशी ओट्याच्या टोकाला बसून हे कसं करायचे? वस्तरा आडवा टेकवायचे, धार आणि पाठ दोन्ही दगडाला लागलेली. धार पुढे करून सरकवायचे, जशी काही दगडाची साय काढायचीय. टोकाला पोचलं की पाठीवरून उलटवायचे. काकूंनी तसं केलं. आवाज बदलला. स्स... स्स... भिंतीकडून काही आलं नाही. एवढी शांतता काकूंना कधी गोड लागली नव्हती.

त्या दिवसापासून दुपार म्हणजे दगड. जेवणं उरकली, गल्ली निजली, की काकू एकेक दगड मांडीवर घेऊन बसायच्या. घाई करून चालणार नव्हतं. आधी गंज गेला, मग तो दात घासून घासून सपाट झाला. आणि काय सांगावं, ओल्या दगडावर पातं फिरायला लागलं की खोलीचं रूपच बदलायचं. पाण्यात ऊन पडून छतावर डुलायचं. सुका असताना राखेसारखा दिसणारा दगड भिजला की जांभळा व्हायचा, काळ्याच्या पोटातून निळ्या शिरा वर यायच्या. प्रत्येकाचा आवाज निराळा. नदीवाला हिरवा पोकळ वाजायचा, त्याच्या आत अजून पाणी असल्यासारखा. पाडलेल्या शाळेच्या पायरीचा तुकडा होता, तो कुरकुर करायचा. डोंगरातल्या खाणीवरून आणलेला काळा तर बोलायचाच नाही.

हात पुढे-मागे, पुढे-मागे. डोळे अर्धे मिटलेले. काकूंना पेंग यायची, पण हात थांबायचा नाही, आणि त्या पेंगेत त्या कुठं कुठं जाऊन यायच्या. पायरीचा दगड खाली असला की त्या शाळेत मुलं पाढे म्हणत असायची आणि पाढ्यांमधून वस्तरा सरकायचा. काळा असला की खाणीवरचा गार वारा गालाला लागायचा. हिरवा असला की पायाखाली नदी. पुढे पाण्यात तो वाकलेला तरणाताठा माणूस, पाठमोरा. त्या हाक मारायच्या, “अहो, इकडे बघा ना!” आणि तो काही केल्या वळायचा नाही. मग डोळे उघडायचे, तर समोर तीच पाठ, पलंगावरची.

शेवटी परीक्षा व्हायची. वस्तादांची रीत काकूंना माहीत होती. फणीत अडकलेला स्वतःचा एक पांढरा केस घ्यायच्या, चिमटीत लोंबता धरायच्या आणि त्यावर वस्तऱ्याची धार टेकवायच्या. धार खरी असेल तर केस आवाज न करता दोन होतो. काकूंचा केस वाकायचा, बाजूला सरायचा, मजेत झोके घ्यायचा. तुटायचा मात्र नाही. एक दगड झाला, पाच झाले, नऊ झाले. अकरावाही झाला. बोटांना सुरकुत्या पडल्या, खांदा भरून आला, वस्तरा चकाकायला लागला, पण केस काही तुटेना.

“हात टेकले बाई तुमच्या दगडांपुढे!” काकू एकदम ओरडल्या आणि त्यांचा बांधच फुटला. “इतकी वर्षं सांभाळलेत, आणि एकाच्यात दम नाही! सांगा ना मला काय चुकतंय! मी काय जन्मभर ह्या पाठीशीच बोलायचं?” आणि फडक्यात तोंड घालून रडल्या.

जरा वेळानं भिंतीवर खस् खस् असं काही ऐकू आलं. वस्तादांचा डावा हात वर आला होता. बोटाचं पेर भिंतीला टेकवून ते गोल गोल फिरवत होते. एक लहानसं वर्तुळ, पुन्हा वर्तुळ, पुन्हा वर्तुळ.

“काय हवंय? पाणी? खाज येतेय?” हात तसाच फिरत राहिला. थकला, पडला, पुन्हा वर गेला.

काकूंना काही उमजेना. डोळे पुसायला त्यांनी दगडाचं फडकं उचललं आणि तसंच हातात राहिलं. फडक्याच्या एका कोपऱ्याला चुण्या होत्या. जुनी गाठ सुटल्यावर राहतात तशा. दुसरं फडकं बघितलं, त्याच्याही कोपऱ्याला चुण्या. अकराच्या अकरा फडक्यांना एकेक कोपरा तसाच.

आणि काकूंना आठवलं.

गेल्या वर्षी घराला रंग दिला, तेव्हा हा खण त्यांनीच आवरला होता. प्रत्येक फडक्याच्या कोपऱ्यात एक गाठ आणि गाठीत दगडाची एकेक कपची, सुपारीएवढी. ह्या कपच्या कशाला जपून ठेवल्यात मेल्या, म्हणून काकूंनी सगळ्या गाठी सोडल्या. नेमक्या त्याच दिवशी त्या नव्या कुंड्या भरत होत्या, आणि तळाचं भोक बुजू नये म्हणून घालायला खडे हवेच होते!

आता सगळं डोळ्यांसमोर आलं. वस्ताद धार लावायला बसले की आधी ती कपची ओल्या दगडावर गोल गोल घासायचे. पिल्लू म्हणायचे तिला. ज्या दगडाचं पिल्लू त्याच दगडावर चालवायचं. घासता घासता दगडावर पांढुरकं पाणी यायचं, दुधासारखं. “दगडाला पान्हा फुटला,” असं म्हणून हसायचे. धार लावायचं ते त्या दुधात. नुसत्या पाण्यावर दगड गंज काढतो, पण शेवटची धार देत नाही. काकूंनी शेकडो वेळा हे बघितलं होतं आणि एकदाही लक्ष दिलं नव्हतं.

आणखी एक आठवलं, ते सगळ्यांत वाईट. रंगकामानंतरच्या एका सुटीला वस्ताद त्या खणापुढे बसून एकेक फडकं उलगडत होते. “काय शोधताय?” काकूंनी विचारलं. वस्ताद कुंड्यांकडे बघत बसले. “काही नाही,” म्हणाले, आणि सगळी फडकी पुन्हा नीट गुंडाळून ठेवली. त्यानंतर वर्षभर वस्तरा त्यांनी नुसत्या चामड्याच्या पट्ट्यावर घोटून भागवला. एक शब्द बोलला नाही माणूस! त्या वेळी बोलला असता तर चार शब्द ऐकून घेतले असते, दोन सुनावले असते, झालं गेलं संपलं असतं. आता कुठं तोंड लपवू, असं काकूंना झालं.

त्यांनी पदर खोचला आणि कुंड्या पालथ्या घालायला सुरुवात केली. फुलायला आलेली रोपं मुळांसकट बाहेर. शेजारीण खिडकीतून म्हणाली, “अहो काकू, काय हे, चांगली झाडं!” काकू म्हणाल्या, “झाडं पुन्हा लागतील.” मातीत हात घालून त्यांनी एकेक कपची चाचपून काढली. काही मुळांनी घट्ट धरून ठेवल्या होत्या, त्या सोडवताना काकू मुळांचीही समजूत काढत होत्या. नऊ सापडल्या. दोन कुठं गेल्या देव जाणे.

कपच्या धुऊन काकूंनी फरशीवर मांडल्या, समोर अकरा दगड, आणि सगळ्यांवर पाणी शिंपडलं. भिजल्याबरोबर रंग वर आले. जांभळीला जांभळा मिळाला, निळ्या शिरांना निळ्या शिरा. हरवलेली पोरं आपापल्या आयांपाशी जाऊन बसली म्हणायची. काकू बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

मग स्टुलावर बसल्या. पुन्हा पहिला मान हिरव्याला. पिल्लू गोल गोल फिरवलं आणि खरंच, दगडाला दूध आलं! त्यात वस्तरा सरकवला. भिंतीकडून लगेच “अं.” नको. “अहो, आपला नदीवरचा आहे हा,” काकू म्हणाल्या. “अंऽ!” म्हणजे चाळीस वर्षं उराशी धरलेला हा धोंडा कामाला शून्य होता तर! काकूंना जरा रागच आला. पण नाद मोठा की आठवण मोठी, ह्याचा हिशोब नंतर बघू म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. जांभळा, अं. काळा, अं. पायरीवाला, अंऽऽ.

पाचवा दगड अगदी सामान्य होता. विटकरी, एक कोपरा उडालेला. तो कुठून आला, कधी आला, काकूंना काहीच ठाऊक नव्हतं. त्या दगडाला त्यांच्याकडे गोष्टच नव्हती. त्याचं दूध मात्र साईसारखं दाट आलं. वस्तरा टेकवला, सरकवला. आवाज असा काही आलाच नाही. श्वास सोडल्यासारखं काहीतरी झालं, बस्स. काकू थांबल्या. भिंतीकडून काही नाही. पुन्हा सरकवला. वस्तादांचा खांदा हळूहळू खाली आला, आणि त्यांचाही श्वास त्या सरकण्याबरोबर चालायला लागला. पातं पुढे, श्वास आत. पातं मागे, श्वास बाहेर. ऊन पलंगाच्या पायथ्यावरून चादरीवर चढलं, वस्तादांच्या पाठीवर आलं, तरी दोघं तशीच होती.

पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून काकूंनी वस्तरा घोटला. फणीतून एक केस घेतला, लोंबता धरला, धार टेकवली. अर्धा केस चिमटीत राहिला आणि अर्धा फरशीवर पडला.

काकूंनी कोमट पाणी आणलं, ब्रशनं साबणाचा फेस केला. वस्तादांवर वाकून वरचा डावा गाल फेसानं भरला. वस्तादांनी ढकललं नाही. डोळे मिटले. काकूंनी बोटानं कातडी ताणली, वस्तरा टेकवला आणि देवाचं नाव घेतलं. पांढरे खुंट फेसाबरोबर अलगद उतरले. गाल, कानशील, हनुवटीची डावी बाजू. इतक्या वर्षांत हा चेहरा त्यांनी इतक्या जवळून, इतका हळू बघितलाच नव्हता. दुधातून जाताना दगड जसा हाताला लागायचा, तसाच तो गाल लागत होता.

डावी बाजू झाली. काकूंनी फेस फडक्याला पुसला, कंबर सरळ केली. सगळं लक्ष कामात होतं. भिंत, दोन महिने, डॉक्टर, काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं. आणि तोंडातून नकळत निघून गेलं, तेच, दुकानातलं, त्याच सुरात:

“मान इकडे, साहेब.”

वस्तादांची मान वळली.

आधी मान, मग डाव्या हातानं पलंगाची कड पकडून खांदा, मग सगळे वस्ताद. उशीतून उजवा गाल वर आला, ओघळलेला, उशीच्या वळांनी भरलेला. वाकड्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती. त्यांनी काकूंकडे बघितलं. लाज वाटत होती त्यांना, दिसत होतं. पण तोंड फिरवलं नाही. रडायला वेळ नव्हता, काकूंच्या हातात वस्तरा होता. टॉवेलच्या टोकानं लाळ टिपली, गिऱ्हाइकाची टिपावी तशी, आणि उजव्या गालाला फेस लावला. ह्या बाजूला कातडी सैल पडली होती. जास्त ताणून, जास्त हळू करावं लागलं. वस्ताद सगळा वेळ त्यांच्याकडे बघत होते.

झाल्यावर ओल्या फडक्यानं काकूंनी सगळा चेहरा पुसला. “झालं,” म्हणाल्या, आणि वस्तरा मिटायला गेल्या.

वस्तादांचा डावा हात वर आला. अंगठा डाव्या गालावरून उलटा फिरला, हनुवटीखालून गेला, उजव्या गालावर आला. उजव्या कानाच्या पाळीखाली थांबला. तिथं बोटानं त्यांनी दोनदा टक् टक् केलं. काकूंनी वाकून बघितलं. चार खुंट राहिले होते.

“र्‍हा... य...” वस्ताद म्हणाले.

“राहिलंय होय?” काकू म्हणाल्या, “दिसतंय, दिसतंय! लगेच खोट काढा!” आणि आता मात्र त्यांना रडू आवरेना आणि हसूही आवरेना. डोळे पुसून त्यांनी वस्तरा पुन्हा उघडला आणि ब्रश पाण्यात बुडवला.